बाळगोष्टींची थोरांना गोडी
(वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



विषयाचे नाव ऐकून काही मंडळींच्या मुखावर स्मित उमटले. चिऊकाऊच्या गोष्टी निजताना मुलांना सांगाव्या. पिकल्या केसांच्या माणसांना त्यांचे काय काम, असा त्या स्मिताचा अर्थ असावा. आमचे म्हणणे असे की, या गोष्टींची पुरती गोडी केस पिकल्यावरच कळते.

चिऊकाऊचीच गोष्ट घ्या. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते आणि तो चिमणीच्या मेणाच्या घराचे दार ठोठावतो. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, तीट लावायची आहे, अशा एकेक सबबी सांगून चिमणी त्याला ताटकळत ठेवते. मुले प्रत्येक सबबीला हसतात. पुढची त्यांना आधीच पाठ असते. प्रौढाचे लक्ष मात्र बाहेर भिजणाऱ्या कावळ्याकडे जाते. चिमणी खोटे बोलते असेही नाही. लेकुरवाळीला कामे असतातच. तरी पाऊस काही थांबत नाही. खेड्यातला होतकरू मुलगा शिक्षणासाठी शहरात येऊन नातलगाच्या दारी उभा राहतो, तेव्हा हीच गोष्ट पुन्हा घडते. अनेक ज्ञातिसंस्थांनी विद्यार्थिवसतिगृहे काढली, ती अशा मुलांसाठीच.

भोपळ्यातली म्हातारी पाहा. मुलांना भोपळ्याचे उड्या मारीत जाणे आवडते. आमच्या वयाच्या श्रोत्याला दिसते ती लेकीच्या ओढीने एकटीच रानातून निघालेली वृद्धा. अंगात बळ नाही. पण लेकीकडून पुष्ट होऊन येते, मग खा, असे वाघाला सांगण्याइतकी बुद्धी शाबूत आहे. म्हातारपणी याहून मोठा दिलासा कोणता?

आता पंचतंत्र. राजा अमरशक्तीच्या तीन मंद पुत्रांना विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत राजनीती शिकविण्याचे पत्करले, अशी त्या ग्रंथाची प्रस्तावना आहे. तो सहाव्या शतकात इराणच्या दरबारी पहलवी भाषेत गेला आणि आठव्या शतकात अरबीत. करटक व दमनक या कोल्ह्यांवरून तेथे त्याचे नाव 'कलीला व दिम्ना' असे पडले. दरबारातल्या प्रौढांनीच तो जपला. पहिले तंत्र मित्रभेद. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री जमते; दमनक एकाचे दुसऱ्याकडे सांगत राहतो आणि अखेर सिंहाच्या हातून बैल मारला जातो. बालपणी सिंहाची झेप लक्षात राहते. संस्था चालविणाऱ्याला मात्र दमनकाचे शब्द ओळखीचे वाटतात. आमच्या कार्यकारी मंडळाने हे तंत्र वर्षातून एकदा वाचावे, अशी नम्र सूचना आहे. (हशा)

बंधुभगिनींनो, आज आजीआजोबा एका गावी आणि नातवंडे दुसऱ्या, असे घरोघरी झाले आहे. नातवंडांच्या हाती निजेपर्यंत मोबाईल असतो. गोष्ट सांगावी असे सर्वांनाच वाटते, पण औषधाचा चमचा पाजावा तशी ती सांगितली तर मूल तोंड फिरविणारच. ज्याला स्वतःला ती गोड लागते, त्याच्या मुखातूनच ती रंगते. म्हणून प्रथम आपण या गोष्टी स्वतःसाठी पुन्हा वाचाव्या. नातवंडे दूर असतील तर दूरध्वनीवरून सांगाव्या. तात्पर्याची घाई करू नये. ते मुलांना त्यांच्या वेळी सापडेल. आज रात्री प्रत्येक घरी एक तरी गोष्ट सांगितली जावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.