चार फुगे, एक गाठ

श्रोतेहो, झाशीच्या सीपरी बाजारात फुगेवाला दिसला, तर चार सारखे फुगे घ्या आणि त्यांची तोंडं एकाच गाठीत घट्ट बांधा. फुगे सपाट पसरत नाहीत, चार दिशांना फाकतात. हाच मिथेनचा आकार: चतुष्फलकीय, कोन १०९.५ अंश. वहीत मात्र आपण तो अधिकच्या चिन्हासारखा काढतो आणि घोळ तिथेच होतो.

इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एकमेकींना दूर लोटतात, एवढंच यामागचं तत्त्व. सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० मध्ये ते मांडलं. गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये त्याला नियमांत बसवलं.

पाण्यात ऑक्सिजनभोवतीही चारच जोड्या. दोन बंधांत गुंतलेल्या, दोन एकाकी. या एकाकी जोड्या जास्त जागा अडवतात, म्हणून कोन आक्रसून १०४.५ अंशांवर येतो. आकाराला नाव देताना मात्र फक्त अणू बघायचे. म्हणून पाणी वक्र, अमोनिया त्रिकोणी पिरॅमिड. पाण्याचा रेणू सरळ असता, तर तो ध्रुवीय नसता आणि आमटीत मीठही असं विरघळलं नसतं!

तेव्हा विद्यार्थीमित्रांनो, नावं घोकू नका. आधी मधल्या अणूभोवतीच्या जोड्या मोजा.