जिन्याखालचा संडास बदलताना



आज उसाचा आणि द्राक्षाचा विषय बाजूला ठेवू आणि घरातल्याच एका अडचणीकडे बघू. अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. पुढे २०१४ पासून स्वच्छ भारत मिशनमधून पात्र कुटुंबांना शौचालयासाठी १२,००० रुपये मिळू लागले. कुंडलसारख्या दाट वस्तीच्या गावात घराला घर लागून. मग ज्याला जिथे जागा सापडली तिथे त्याने संडास बांधला. कुणी परसदारी, कुणी गोठ्यालगत, तर कुणी माडीच्या जिन्याखाली.

जिन्याखालचा संडास तरुणाला चालून जातो. पण ज्यांनी जन्मभर उसाच्या सरीत वाकून काम केले, त्यांचे गुडघे उतारवयात धरतात. उकिडवे बसवत नाही आणि उठताना डोके जिन्याला आपटते. मग आजी पाणी कमी पितात, नाहीतर पहाटे अंधारात काठी टेकत रानात जातात. एखादे दिवशी पाय घसरला की खुब्याचे हाड मोडते आणि माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून बसके भांडे काढून खुर्चीसारखा कमोड बसवावा, असे घरात ठरते. ठरवणे चांगलेच, पण आधी माप घ्या आणि मगच दुकानात जा.

पहिले माप उंचीचे. ज्यांच्यासाठी कमोड बसवायचा त्यांना सोळा इंच उंचीच्या स्टुलावर बसवा. जमिनीपासून डोक्यापर्यंत मोजा आणि वर एक वीत सोडा. सव्वापाच फूट उंचीच्या माणसाचे डोके बसल्यावर साधारण चार फुटांवर येते. म्हणजे बसण्याच्या जागी पाच फूट उंची असली तरी भागते. खरी अडचण उठताना येते. माणूस आधी पुढे झुकतो आणि मग वर होतो. म्हणून गुडघ्यांच्या वर आणि त्याच्या पुढे त्याची पूर्ण उंची अधिक एक वीत एवढी जागा मोकळी पाहिजे. यासाठी कमोडची पाठ जिन्याच्या बुटक्या बाजूला आणि दार उंच बाजूला ठेवावे. आडवा बसवला तर एका बाजूने डोके लागणारच.

दुसरी गोष्ट चौथऱ्याची. बसक्या भांड्याखाली कोंबडा बसवण्यासाठी चौथरा उचललेला असतो, कुठे नऊ इंच, कुठे फूटभर. कमोडचा कोंबडा त्याच्या अंगातच असतो, त्यामुळे त्याला चौथरा लागत नाही. चौथरा काढला की तेवढी उंची आपोआप मिळते. चौथरा तसाच ठेवून वर कमोड किंवा लोखंडी खुर्ची ठेवली, तर डोके उलट जिन्याच्या आणखी जवळ जाते. उंची मिळवण्यासाठी जिन्याचा स्लॅब खालून तासू नका. त्यात सळई असते. ती उघडी पडली की गंजते आणि जिना कमजोर होतो. पायाला लागून जमीनही खोल खणू नका.

तिसरी गोष्ट पाइपाची. कमोड दोन तऱ्हेचे मिळतात. एकाचे तोंड खाली जमिनीत जाते, दुसऱ्याचे मागे भिंतीतून. मागे तोंड असलेल्याचे मधले माप जमिनीपासून साधारण सात इंचांवर असते. चौथरा काढल्यावर जुना पाइप बहुधा याच्या आसपास खालच्या बाजूला सापडतो, म्हणून आपल्या कामाला हाच बरा पडतो. खाली तोंडाचा घेतलाच तर भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून चिठ्ठीवर लिहून न्या. जुना पाइप तीन इंची असेल तर तो चार इंची करून घ्या आणि खड्ड्याकडे १५ फुटाला निदान १ फूट उतार ठेवा.

आता पाण्याचे बघू. ग्रामीण पद्धतीचे तीव्र उताराचे भांडे दीड-दोन लिटर पाण्यात साफ होते. कमोडला एका वेळी पाच-सहा लिटर लागतात. काळ्या चिकट जमिनीत शोषखड्ड्यात पाणी मुरत नाही, तिथे ही वाढ जाणवते. खड्डा आधीच तुंबत असेल तर प्रथम त्याची सोय करा, मग कमोड. उंचावर टाकी बसवायला जिन्याखाली जागा नसते. कमोडला जोडून असलेली बुटकी टाकी घ्या किंवा बादलीनेच पाणी ओता.

भांडे काढल्यावर पाइपाच्या तोंडात पोत्याचा बोळा घट्ट बसवा, त्याला दोरी बांधून ठेवा. आतला वायूही येणार नाही आणि खडी-माती पाइपात जाणार नाही. काम संपल्यावर बोळा आठवणीने काढा. काम चालू असताना सेप्टिक टाकी तुंबलेली आढळली, तरी तिच्यात कुणालाही उतरवू नका. आतल्या विषारी वायूने माणूस क्षणात पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला असे उतरवणे गुन्हा आहे. उपशाची गाडीच बोलवा. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर भरलेला खड्डा बंद करून मैला दुसऱ्या खड्ड्यात सोडा. दोन वर्षांनी पहिल्यातले खत कोरडे होते, ते शेताला घालता येते.

शेवटी बारीकसारीक. दार बाहेर उघडणारे ठेवा. आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. एका बाजूच्या पक्क्या विटांच्या भिंतीत अडीच फुटांवर धरायला दांडी बसवा. फरशी खरबरीत घ्या आणि दिव्याचे बटण दाराबाहेर, हाताला येईल असे ठेवा. कमोड बसवल्यावर सिमेंट पक्के होईपर्यंत दोन दिवस वापरू नका. तेवढे दिवस म्हाताऱ्या माणसांची सोय शेजारी आधीच करून ठेवा.

आणि मापच बसत नसेल तर हट्ट करू नका. पडवीच्या कोपऱ्यात चार फूट लांब, तीन फूट रुंद जागा काढा आणि पाइप जुन्याच खड्ड्याला जोडा. जिन्याखाली मग अवजारे ठेवा.

लक्षात ठेवा :
१. आधी माणूस मोजा, मग जागा, मग कमोड.
२. चौथरा काढा, जिना तासू नका.
३. पाठ बुटक्या बाजूला, दार उंच बाजूला.
४. खड्डा पाणी मुरवतो का ते आधी बघा.
५. टाकीत माणूस उतरवू नका.