परत धाडलेल्या माणसाची सरळ वाट

मंडळी, ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने परत धाडलेले १०४ भारतीय अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते.

समजा, आपल्या दिघीतल्या एका घरावर हीच पाळी आली. मुलगा परत आला, अमेरिकेची नागरिक असलेली सून तिकडेच राहिली. अशा वेळी दलाल हटकून भेटतो. "पैसे टाका, दुसऱ्या वाटेनं नेतो." त्याला उंबऱ्याआत घेऊ नका. हद्दपारीनंतर चोरून शिरणाऱ्याला १९९६ च्या कायद्याने कायमची बंदी आहे. बाहेर १० वर्षे काढल्याशिवाय परवानगीसुद्धा मागता येत नाही.

सरळ वाट लांबची, पण आहे. गुरुजी, आधी हद्दपारीचा हुकूम वाचून द्या. बंदी ५ वर्षांची, १० ची की २० ची, ते त्यावरून उमगते. सुनेने नात्याचा आय-१३० अर्ज करावा. बंदीची मुदत सरण्याआधी जायचे, तर आय-२१२ ने परवानगी मागावी लागते. वर्षभर बेकायदा राहिल्याची १० वर्षांची बंदी आणखी निराळी! तिच्या माफीचा अर्ज आय-६०१. त्यात सुनेचे अतोनात हाल होतील हे दाखवावे लागते. नुसते 'करमत नाही' म्हणून भागत नाही. आजारपणाचे, कर्जाचे कागद हवेत.

मुलाखत मुंबईच्या वकिलातीत होते. लग्नाच्या दाखल्यावरचे नाव पासपोर्टाशी आधीच ताडून घ्या.