तारांकित प्रश्नाचे सामर्थ्य

1956 पर्यंत रायपूरच्या रयतेची कैफियत नागपूरच्या विधिमंडळात मांडली जात असे. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगढ राज्य स्थापन झाल्यावर ज्या विधानसभेचे पहिले अधिवेशन रायपूरमधील राजकुमार महाविद्यालयाच्या आवारात भरले, तिचे 90 सदस्य आज धानखरेदीपासून पाटबंधाऱ्यापर्यंत प्रत्येक खात्याला जाब विचारू शकतात. अतारांकित प्रश्नास केवळ लेखी उत्तर मिळते. परंतु तारांकित प्रश्नावर मंत्र्यांना सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते, आणि त्यातून उद्भवणारे पूरक प्रश्न, ज्यांची पूर्वसूचना खात्याला नसते, हेच माझ्या मते सदस्याचे सर्वांत प्रभावी साधन होय. रेल्वेसारखा केंद्राच्या अखत्यारीतील विषय मात्र रायपूरच्या खासदाराने लोकसभेत, किमान 15 दिवस अगोदर लेखी सूचना देऊन, उपस्थित करावयाचा असतो.