परळमध्ये आपले स्वागत



रक्त घडवणाऱ्या मूळपेशी प्रतिपिंडांच्या साहाय्याने कशा ओळखायच्या, या विषयाच्या परिषदेसाठी आपण आमचे परळ निवडलेत, याचा आम्हाला मनापासून अभिमान वाटतो. परळ म्हणजे गिरण्या, एवढेच बाहेर ठाऊक असते. पण १८९९ साली हाफकिनसाहेबांची प्लेगची प्रयोगशाळा इथल्या गव्हर्नरांच्या जुन्या निवासात आली. १९२६ साली केईएम रुग्णालय आणि गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. इंग्रजी अमलात अशी अट घालायला छाती लागते!

आणि डॉ. वाय. एम. भेंडे! आमच्या नव्या पिढीला हे नाव ठाऊक नाही, याची मला फार खंत आहे. १९५२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण रक्त जगापुढे मांडले. नेहमीच्या चाचणीत ते ‘ओ’ गटाचे दिसे, पण त्याचा सीरम ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करी. त्या माणसांच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ हा प्रतिजनच नव्हता आणि अंगात त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड होते. तो रक्तगट आज जगभर ‘बॉम्बे’ याच नावाने ओळखला जातो.

पेशीवर काय आहे आणि काय नाही, हे प्रतिपिंडाकडून वदवून घेणे, हेच आपलेही काम. १९८४ साली अमेरिकेत सिव्हिन यांच्या गटाने एका प्रतिपिंडाच्या आधारे आज ‘सीडी ३४’ म्हणतात ती खूण शोधली. ती असलेली प्रत्येक पेशी मूळपेशी नसते. म्हणून ‘सीडी ३८’ नाही ना, ‘सीडी ९०’ आहे ना, हेही पाहावे लागते, असे मला इथल्या डॉक्टरांनी समजावले. बाकी आपण जाणकार आहात. १९८३ साली याच परळमध्ये, टाटा रुग्णालयात, अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण यशस्वी झाले होते, एवढे मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता व्यवस्थेविषयी. रस्ते अरुंद आहेत, गाड्या लावायला जागा अपुरी आहे, काहींची निवासाची सोय दादरला करावी लागली. त्याबद्दल क्षमस्व. लालबाग-परळचे व्यापारी, गणेशोत्सव मंडळे, भोजनाचा भार उचलणाऱ्या भगिनी, सभागृह विनामूल्य देणारे विश्वस्त आणि नाव जाहीर करू नका म्हणणारे देणगीदार, या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत. कुणाचा उल्लेख राहिला असल्यास राग मानू नये.

काही उणे भासले तर बिल्ला लावलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला हक्काने सांगा. आणि जाण्यापूर्वी केईएममध्ये एक फेरी जरूर मारा.