ॲलोवेचें पडकें चर्च

कित्येक वास्तु आपल्या भव्यतेनें नांवारूपास येतात, तर कित्येक आपल्या इतिहासानें. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येस, एअर शहरापासून सुमारें अडीच मैलांवर ॲलोवे नांवाचें खेडें होतें. आतां तें त्या शहराचेंच उपनगर झालें आहे. तेथें डून नदीजवळ एका लहानशा चर्चचे अवशेष उभे आहेत. भव्यता म्हणावी तर त्यांत मुळींच नाहीं. छप्पर केव्हांच नाहींसें झालें. दगडी भिंती, दोन्ही टोकांच्या त्रिकोणी शिखरांच्या भिंती आणि त्यांपैकीं एकीवर घंटेसाठीं केलेली चिमुकली कमान, एवढाच काय तो पसारा. येथें कोणा राजास अभिषेक झाला नाहीं, कीं कोणत्या लढाईचा निकाल लागला नाहीं. तथापि दोन शतकांहून अधिक काळ दूरदूरचे प्रवासी या भिंती पाहण्यास येत आहेत. याचें कारण, एका मुलानें आपल्या बापाच्या थडग्यासाठीं केलेली एक लहानशी विनंती.

हें चर्च सोळाव्या शतकाच्या आरंभींचें. १६९० मध्यें ॲलोवेची मंडळी एअरच्या मंडळीस जोडण्यांत आली आणि येथील उपासना मागें पडली. माणसांचा राबता कमी झाला, कीं पडक्या वास्तूभोंवतीं भुताखेतांच्या गोष्टी उगवूं लागतात, हा अनुभव सर्व देशांतील आहे. येथेंही तसेंच झालें. रात्रीं भिंतींआड दिवे दिसतात, चेटकिणी जमतात, असें आसपासचे शेतकरी सांगत. दिवसा मात्र आवाराची तटभिंत ढासळल्यामुळें गुरें खुशाल थडग्यांवरून चरत फिरत.

अशा वेळीं विल्यम बर्न्स नांवाचा एक माळी या गांवीं आला. त्यानें कांहीं एकर जमीन कौलानें घेऊन १७५७ मध्यें स्वतःच्या हातांनीं मातीचें घर बांधलें. थडग्यांवरून गुरें हिंडतात, हें त्या धर्मभीरु गृहस्थास पाहवेना. दोन-तीन शेजाऱ्यांस बरोबर घेऊन त्यानें एअरच्या नगरसभेकडे अर्ज केला, वर्गणी जमविली आणि तटभिंत पुन्हां उभी करविली. तेव्हांपासून, आपला देह शेवटीं येथेंच ठेवावयाचा, असें त्याच्या मनानें घेतलें.

त्या मातीच्या घरांत २५ जानेवारी १७५९ रोजीं त्याचा थोरला मुलगा जन्मला. तोच पुढें कवि म्हणून प्रसिद्धीस आलेला रॉबर्ट बर्न्स. बाप गरीब खरा, परंतु मुलांच्या शिक्षणाविषयीं दक्ष. १७६५ मध्यें त्यानें चार शेजाऱ्यांच्या मदतीनें जॉन मर्डॉक नांवाचा अवघा अठरा वर्षांचा शिक्षक गांवांत आणिला, आणि त्याच्या जेवण्याराहण्याचा भार घरोघर वांटून घेतला. पुढें शेतीसाठीं कुटुंबाला गांव सोडावें लागलें. जमीन निकस, खंड जबर. त्यांत जमीनमालकाशीं कज्जा जुंपला. १७८४ च्या जानेवारींत एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयानें निकाल विल्यमच्या बाजूनें दिला. परंतु तोंवर पैसा आणि प्रकृति दोन्ही संपलीं होतीं. १३ फेब्रुवारी रोजीं तो वारला.

त्या अखेरच्या दिवसांतील एक प्रसंग धाकटी मुलगी इझाबेला हिनें पुढें सांगितला आहे. आपल्या मुलांपैकीं एकाच्या वर्तनाविषयीं मात्र आपणांस काळजी वाटते, असें म्हातारा म्हणाला. रॉबर्ट जवळ आला आणि त्यानें विचारलें, “बाबा, तो मीच का?” बाप “होय” म्हणाला. पंचविशींतला तो तरुण खिडकीकडे वळला, आणि त्याच्या गालांवरून अश्रु ओघळूं लागले. बापाच्या इच्छेविरुद्ध तो एकदां नृत्याच्या वर्गास गेला होता. तेव्हांपासून बापाच्या मनांत अढी बसली, असें रॉबर्टनेंच एका पत्रांत लिहिलें आहे. ही अढी दूर होण्यापूर्वींच बापाला ॲलोवेच्या त्या आवारांत, त्यानेंच राखलेल्या भिंतीच्या आंत पुरावें लागलें. थडग्यावरील लेखाच्या ओळी रॉबर्टनें रचल्या.

पांच वर्षें लोटलीं. १७८६ मध्यें कवितासंग्रह निघाला आणि रॉबर्टचें नांव झालें; तथापि पोटासाठीं तो डम्फ्रीजजवळ शेती करीत होता. १७८९ च्या उन्हाळ्यांत शेजारच्या एका सरदाराच्या वाड्यांत कॅप्टन फ्रॅन्सिस ग्रोस हा पुराणवस्तुशास्त्रज्ञ उतरला. देहानें स्थूल, स्वभावानें विनोदी, असा हा गृहस्थ स्कॉटलंडच्या प्राचीन वास्तूंचा सचित्र ग्रंथ तयार करीत होता. दोघांची गट्टी जमली. तेव्हां रॉबर्टनें त्यास विनंती केली, कीं आपल्या ग्रंथांत ॲलोवेच्या चर्चचेंही चित्र असावें. कारण तेथें आपले वडील विसावले आहेत, आणि पुढेंमागें आपलीं हाडेंही तेथेंच ठेवण्याचा आपला कांहींसा हक्क आहे. एवढ्याशा पडक्या वास्तूसाठीं कॅप्टनचें मन वळावें म्हणून, तेथें चेटकिणींच्या पुष्कळ गोष्टी सांगतात, अशी पुस्तीही त्यानें जोडली. ग्रोस कबूल झाला, पण एका अटीवर: चित्रासोबत छापण्यासाठीं कवीनें एक चेटकिणीची गोष्ट लिहून द्यावी. हा सर्व वृत्तांत धाकटा भाऊ गिल्बर्ट यानें नमूद करून ठेविला आहे.

या सौद्यांतून ‘टॅम ओ’ शँटर’ ही दोनशेंहून अधिक ओळींची कथाकविता जन्मास आली. बाजाराच्या दिवशीं दारू ढोसून बसलेला टॅम मध्यरात्रीं वादळांत आपल्या मेग घोडीवर घरीं निघतो. वाटेंत ॲलोवेचें चर्च उजेडानें लखलखत असतें. आंत सैतान बॅगपाइप वाजवीत आहे आणि चेटकिणी नाचत आहेत! आंखूड झगा घातलेल्या एका तरुण चेटकिणीचा नाच पाहून टॅमचें भान सुटतें. तो वाहवा करून ओरडतो, आणि क्षणांत दिवे मालवून सारी सेना त्याच्या पाठीस लागते. वाहतें पाणी ओलांडण्याची चेटकिणींस शक्ति नसते. म्हणून तो डून नदीच्या पुलाकडे धूम ठोकतो. स्वार वांचतो, पण बिचाऱ्या मेगचें शेंपूट मात्र चेटकिणीच्या हातीं राहतें. त्या आंखूड झग्याचें स्कॉच नांव ‘कटी सार्क’. १८६९ मध्यें बांधलेल्या सुप्रसिद्ध चहावाहू जहाजाचें नांव यावरूनच ठेवण्यांत आलें.

१७९१ च्या मार्चमध्यें ही कविता एडिंबरोच्या एका मासिकांत आली, आणि एप्रिलांत ग्रोसच्या ग्रंथांत, चर्चच्या चित्राजवळ केवळ तळटीप म्हणून! पुढच्याच महिन्यांत डब्लिन येथें ग्रोस मरण पावला. त्याच्या ग्रंथाची आज अभ्यासकांपलीकडे फारशी कोणास ओळख नाहीं. ती तळटीप मात्र अमर झाली.

प्रसिद्धीचा उपद्रवही त्या जागेस सोसावा लागला. चर्चच्या उरल्यासुरल्या तुळयांच्या लांकडांतून तपकिरीच्या डब्या व इतर वस्तु घडवून लोकांनीं संग्रहीं ठेविल्या. विल्यमच्या थडग्याच्या दगडाचे तर आठवण म्हणून इतके टवके उडविले, कीं तो पुन्हां नवा बसवावा लागला. नदीवर १८१६ मध्यें शेजारींच नवा पूल झाला. तरीही टॅमचा तो जुना एककमानी पूल मात्र राखला गेला.

आणि कवीचा हक्क? २१ जुलै १७९६ रोजीं, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षीं रॉबर्ट डम्फ्रीज येथें वारला व तेथेंच त्याची समाधि झाली. बापाशेजारची जागा त्यास लाभली नाहीं. ती १८५८ मध्यें लाभली त्या धाकट्या इझाबेलेस, जिनें खिडकीपाशीं ढाळलेल्या अश्रूंची हकीकत सांगितली होती.

बापानें वर्गणी जमवून थडग्यांभोंवतीं दगडांची भिंत घातली, ती गुरें बाहेर ठेवण्यास पुरेशी होती. विस्मृतीस अडविण्यास नव्हती. तें काम ज्याच्याविषयीं मरतांना त्याला धास्ती वाटली, त्याच मुलानें केलें. आणि तेंही कशाच्या बळावर, तर बापानें ज्याचा तिटकारा केला असता, त्या दारूबाजाच्या, नाचाच्या व सैतानाच्या गोष्टीच्या बळावर! म्हाताऱ्यानें ती ऐकली असती तर त्याच्या भिवया खचित वर चढल्या असत्या. परंतु त्या छप्पर नसलेल्या चर्चच्या दारासमोर आज जो कोणी उभा राहतो, तो गोष्टींतील चेटकिणींस शोधीत येतो, आणि जातांना विल्यम बर्न्सच्या थडग्यापाशीं क्षणभर थांबतो. मुलाची मागणी याहून अधिक नव्हती.