पुस्तक मागून उघडा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, संपादित)



पत्रिकेवर विषय छापलाय, 'तांत्रिक पुस्तक घेण्यापूर्वी कसे पारखावे?' त्यात मलपृष्ठ, प्रस्तावना, लेखकाचा परिचय अशा पायऱ्या येतात. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेल्या व्याख्यानमालेचे श्रोते तुम्ही, तुम्हाला हे काय सांगायचं? नवी आवृत्ती वेगळी आणि नुसतं पुनर्मुद्रण वेगळं, हेही तुम्हाला ठाऊक आहे. पुढे जाऊ.

मला एकच सांगायचंय. तांत्रिक पुस्तक हातात आलं की मागून उघडा. शेवटची शब्दसूची बघा. सूचीच नसेल तर पुस्तक होतं तिथे ठेवून द्या. पहिल्या रांगेत एक प्रकाशक चुळबुळ करतायत. (हशा) बसा हो, तुमच्याकडे येणारच आहे.

फोर्ड मॅडॉक्स फोर्ड नावाच्या इंग्रज कादंबरीकाराच्या नावावर एक युक्ती सांगतात. पुस्तकाचं ९९वं पान उघडा, त्यावरून लेखकाचा वकूब कळतो. कादंबरीला ठीक आहे. तांत्रिक पुस्तकाचं ९९वं पान ९८व्या पानावर उभं असतं. मधेच उघडलंत तर लेखक अवघड की आपण ढ, हेच कळायचं नाही. हल्ली प्रकाशक पहिलं प्रकरण फुकट वाचायला देतात. ते कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखं असतं. सगळे इस्त्रीचे कपडे घालून बसलेले, संसार कसा होईल याचा पत्ता नाही. 'सी' भाषेचं कुठलंही पुस्तक घ्या, पहिल्या प्रकरणात बेल प्रयोगशाळा, ही भाषा रचणारे डेनिस रिची आणि पडद्यावर 'हॅलो वर्ल्ड'. त्यावरून निवडायचं काय?

शिवाय वेळ कुठे असतो? आपल्या पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात कित्येक दुकानांत पुस्तकं काउंटरच्या पलीकडे. 'जरा चाळायला देता का?' म्हटलं की समोरून प्रश्न येतो, 'घ्यायचंय का?' (हशा) दोन मिनिटं मिळतात. दोन मिनिटांत फक्त सूची बघून होते.

तर घरून निघताना तीन शब्द डोक्यात ठेवून निघा. एक तुम्हाला पक्का माहीत असलेला, एक कामात तुम्ही अडलात तो, आणि एक नुसता कानावरून गेलेला. दुसऱ्या-तिसऱ्याचं तुमचं तुम्हाला जमेल. पहिला महत्त्वाचा, कारण तिथे परीक्षक तुम्ही असता.

माझा शब्द 'गेट्स'. बिल नव्हे. (हशा) 'सी'मधलं हे फंक्शन कीबोर्डवरून आलेली ओळ वाचतं आणि तुम्ही दिलेल्या जागेत ठेवतं. जागा किती आहे, हे मात्र त्याला कळायची सोयच नाही. ओळ लांब निघाली की ती शेजारच्या मेमरीत घुसते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेलच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक 'किडा', म्हणजे आपणहून पसरणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवर सोडला. 'फिंगर' नावाची सेवा पुरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'गेट्स' होतं आणि जागा होती ५१२ बाइट. त्याच्या किड्याने ५३६ पाठवले. जास्तीच्या त्या २४ बाइटांनी काम केलं. नियंत्रण किड्याच्या हातात गेलं, आणि विद्यापीठांचे संगणक एकामागून एक...

काय म्हणताय? हां, तो मागचा मुलगा म्हणतोय, कर्निघन-रिचींच्या 'सी'वरच्या पुस्तकातही 'गेट्स' आहे. आहे! इशारासुद्धा नाही. पण ती दुसरी आवृत्ती त्याच १९८८ची, किडा सुटण्याआधी बाजारात आलेली. 'सी'च्या २०११च्या प्रमाणकातून हे फंक्शन काढूनच टाकलं. त्यानंतर लिहिलेलं पुस्तक जर 'गेट्स' बिनघोर शिकवत असेल, तर लेखकाने मधल्या काळात काही वाचलेलं नाही. म्हणून आधी सूचीत शब्द शोधा, मग त्या पानावर जा, मग सालाचं पान बघा. मुला, प्रश्न चांगला होता, पण माझी पाच मिनिटं गेली. (हशा)

आणि आपल्याकडची पुस्तकं? प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला 'व्हॉइड मेन', खाली 'क्लिअर स्क्रीन', शेवटी 'गेट सीएच'. टर्बो सी नावाचा कंपायलर १९८७ साली आला, त्याची ही बोली. कित्येक अभियांत्रिकी महाविद्यालयांत ती अजून परीक्षेला चालते. इथे प्राध्यापक मंडळी बसलीत. तुमच्यावर राग नाही, अभ्यासक्रम तुम्ही एकट्याने ठरवत नाही, मान्य. पण दुकानात उभं राहून हे दिसलं की मी तरी पुस्तक परत करतो.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं. मग वाचनालयं, जुन्या पुस्तकांची दुकानं हे सगळं राहिलं. राहू दे.

एवढं मात्र ऐकाच. त्याच कर्निघन-रिचींच्या दुसऱ्या आवृत्तीच्या सूचीत 'रिकर्शन' हा शब्द काढा. रिकर्शन म्हणजे फंक्शनने स्वतःलाच हाक मारणं. समोर पानांचे आकडे आहेत, त्यांत शेवटचा २६९. तुम्ही २६९वं पान उघडता, तर ते सूचीचंच पान, ज्यावर तुम्ही आधीपासून आहात. (टाळ्या) सूचीत इतका जीव ओतणारा माणूस मधल्या पानांवर काम टाळेल का? कर्निघन आणि जॉन बेंटली यांनी तर सूच्या छापायला छोटे प्रोग्रॅमही लिहिले होते. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला २००८पर्यंत २ डॉलर ५६ सेंटचा चेक देत, म्हणजे त्यांच्या हिशेबात सोळाच्या पायावर मोजलेला एक डॉलर. चुकांची यादी जाहीर ठेवणारा लेखक दिसला की, सूचीनंतर, तीही बघा.

आता प्रकाशक महोदय. सूची करायला खर्च येतो, पानं वाढतात, ग्राहक मागत नाही, हे तुम्ही मला मगाशी चहाला सांगितलंत. मराठीत विज्ञान, शेती, वीजजोडणी, लेखाकर्म अशी कामाची पुस्तकं निघतात आणि बहुतेकांची शेवटची पानं इतर पुस्तकांच्या जाहिरातींना जातात. त्यातली चार पानं सूचीला द्या. आणि ती चार पानं संकेतस्थळावर फुकट टाका. पहिलं प्रकरण नाही टाकलंत तरी चालेल. आणि मंडळी, तुम्ही उद्या दुकानात जाल तेव्हा विचारा, 'सूची आहे का?' ग्राहक मागत नाही, ही सबब तरी त्यांना उरू देऊ नका.